शंभरातले सत्तावन्न: स्वभावावरून गुन्हेगार ओळखता येतो का?

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या वर्षभरात जन्मलेल्या १,०३७ मुलांवरचा अभ्यास आजही चालू आहे. मुलं तीन वर्षांची होती तेव्हापासून अकराव्या वर्षापर्यंत त्यांचं आत्मनियंत्रण वेळोवेळी मोजलं गेलं. हातातलं काम अर्धवट टाकून पळतात का, आपली पाळी येईपर्यंत थांबतात का, मनाविरुद्ध झालं की किती आकांडतांडव करतात, अशा गोष्टींवर निरीक्षकांनी, पालकांनी, शिक्षकांनी आणि पुढे खुद्द मुलांनी दिलेले गुण एकत्र केले. हीच मुलं ३२ वर्षांची झाल्यावर न्यायालयांच्या नोंदी काढल्या. आत्मनियंत्रणात सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या १३ टक्के जणांवर कोणता ना कोणता गुन्हा शाबित झाला होता. सगळ्यात खालच्या पाचव्या हिश्श्यात हे प्रमाण ४३ टक्के होतं. बुद्ध्यांक आणि घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरली तरी फरक पुसला गेला नाही.

बातमीत ४३ हा आकडा येतो, उरलेले ५७ येत नाहीत. लहानपणी सगळ्यात उतावीळ ठरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांवर बत्तिसाव्या वर्षापर्यंत एकही गुन्हा शाबित झाला नाही. म्हणजे स्वभावाचा गुन्ह्याशी संबंध आहे आणि तो लहान नाही. तरीही समोर बसलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. या विषयावरचा बहुतेक गोंधळ त्यातलं एकच धरून बसल्याने होतो.

आधी एक गल्लत बाजूला ठेवू. स्वभावाचे गुणविशेष म्हणजे मनोविकार नव्हेत. मुंबईत झोपलेल्या गरिबांना मारत सुटलेला रामन राघव १९६८ मध्ये पकडला गेला, १९६९ मध्ये त्याला फाशी ठोठावली गेली आणि १९८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्याला स्किझोफ्रेनिया होता, भास आणि भ्रम होते. हा आजार आहे. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण कुणाच्या अंगावरही जात नाहीत, आणि बहुसंख्य गुन्हे असा आजार नसलेली माणसं करतात. आपण ज्याबद्दल बोलणार आहोत ते तुमच्या-आमच्यात, सगळ्यांतच कमी-जास्त प्रमाणात असतं: उतावीळपणा, तापटपणा, थरार आवडणं, दुसऱ्याच्या दुःखाने हलणं किंवा न हलणं. उंचीसारखंच ते मोजपट्टीवर सलग पसरलेलं असतं. अमुक आकड्यापुढे गुन्हेगार सुरू होतो अशी रेघ तिथे नाही.

आयसेंकचं यंत्र

चेझारे लोंब्रोसो या इटालियन डॉक्टराने १८७६ मध्ये 'जन्मजात गुन्हेगार' कवटीवरून आणि जबड्यावरून ओळखता येतो असं मांडलं. ते टिकलं नाही, त्यावर वेळ घालवण्याचं कारण नाही. स्वभावावरून गुन्हा समजावण्याचा पहिला नीट बांधलेला सिद्धांत हान्स आयसेंकचा, १९६४ सालचा. आयसेंक बर्लिनचा, नाझी राजवटीत जर्मनी सोडून लंडनला गेलेला. त्याच्या सिद्धांतातले बरेच सुटे भाग पुढे निकामी ठरले, पण स्वभावापासून गुन्ह्यापर्यंत एकेक टप्पा कसा गाठायचा हे त्याने दाखवलं, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

त्याचा प्रश्न उलटा होता. माणूस गुन्हा का करतो, हे तो विचारत नाही. दुसऱ्याच्या हातातली वस्तू हिसकावून घेणं लहान मुलाला सहजच सुचतं. मग बहुतेक लोक ते का करत नाहीत? त्याचं उत्तर असं, की सदसद्विवेकबुद्धी म्हणजे अभिसंधानाने, म्हणजे दोन गोष्टी पुन्हा पुन्हा जोडीने घडून, लागलेली प्रतिक्रिया आहे. मूल चुकतं, ओरडा खातं, भीती वाटते. असं शेकडो वेळा झालं की चुकीचा विचार मनात येताच ती भीती आपोआप उमटते. कुणी पाहत नसलं तरी हात मागे येतो.

आता यात स्वभाव कुठे येतो? आयसेंकच्या मते बहिर्मुख माणसाच्या मेंदूची उत्तेजन पातळी मुळात कमी असते. त्यामुळे तो सतत बाहेरून उत्तेजन शोधतो: गर्दी, आवाज, धोका. त्याच कारणाने त्याच्यात अभिसंधान मंद होतं, दहा वेळा ओरडा खाऊनही भीती नीट चिकटत नाही. दुसरा गुण भावनिक अस्थिरता. ती जास्त असेल तर लागलेल्या सवयी, चांगल्या असोत वा वाईट, अधिक जोराने उफाळतात. दोन्ही गुण जास्त असलेला माणूस सर्वांत धोक्याचा. पुढे त्याने तिसरा गुण जोडला, सायकोटिसिझम: रूक्षपणा, आक्रमकता, दुसऱ्याबद्दल पर्वा नसणं. हे नाव त्याने फारच दुर्दैवी निवडलं, कारण ही पट्टी मनोविकारापेक्षा निबर, बेपर्वा स्वभावच अधिक मोजते. १९७५ मध्ये आलेल्या त्याच्या प्रश्नावलीत प्रौढांसाठी हो-नाही स्वरूपाचे ९० प्रश्न होते. तीन गुणांच्या तीन पट्ट्या आणि चौथी खोटेपणाची. 'तुम्ही कधीच कुणाबद्दल वाईट बोलला नाहीत का?' अशा धाटणीच्या प्रश्नांना जो सरळ 'हो' म्हणत जातो, तो स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवतोय असं समजायचं.

तपासणीत काय झालं? तिसरी पट्टी जवळपास सगळीकडे गुन्ह्याशी जुळली. भावनिक अस्थिरता तुरुंगातल्या लोकांत जास्त आढळली. पण बहिर्मुखता डळमळली: शाळकरी मुलांनी स्वतः कबूल केलेल्या खोड्या आणि चोऱ्यांशी तिचा संबंध लागला, कैद्यांच्या गटात मात्र ती फारशी जास्त नव्हती.

याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखी आहेत. पहिलं मोजमापाच्या जागेचं. 'तुम्हाला पार्ट्यांना जायला आवडतं का?' हा प्रश्न कोठडीत बसलेल्याला विचारला तर काय मोजलं जाईल? कोठडीच. काळजी, झोप न लागणं, चिडचिड हीसुद्धा तुरुंगवासाने वाढतात. मग अस्थिरतेमुळे माणूस आत आला की आत आल्यामुळे अस्थिर झाला? भारतात ही अडचण दुप्पट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२च्या अखेरीस तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्यावर काहीच शाबित झालेलं नाही असे. 'कैद्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास' असं शीर्षक असलेला प्रबंध हातात आला, की नमुन्यात शिक्षा झालेले किती आणि न्यायाधीन किती हे पहिल्यांदा बघावं.

दुसरं कारण पट्टीच्या पोटात होतं. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलांवर १९६१ पासून चाललेल्या अभ्यासात डेव्हिड फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञाने प्रश्नावलीतला एकेक प्रश्न सुटा करून पाहिला. बहिर्मुखतेच्या पट्टीतले 'लोकांत मिसळायला आवडतं' छापाचे प्रश्न गुन्ह्याबद्दल काहीच सांगत नव्हते. सगळा भार 'विचार न करता पटकन काही करून टाकता का?' अशा प्रश्नांनी उचलला होता. बोलकेपणा आणि उतावीळपणा आयसेंकने एकाच पोत्यात भरले होते. गप्पिष्ट माणसाचा यात काडीचाही दोष नव्हता.

कमी उत्तेजन पातळीच्या कल्पनेचा एक तुकडा मात्र तगला. विश्रांतीच्या वेळी हृदयाचे ठोके मंद असणं आणि समाजविघातक वर्तन यांचा संबंध मुलांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळला आहे. मंद ठोके निर्भयपणाचं चिन्ह असावं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. अर्थात मंद ठोके चांगल्या धावपटूचेही असतात, त्यामुळे नाडी धरून कुणाची पारख करायला जाऊ नये. आणखी एक: आयसेंकचं नाव वाचताना सावध राहावं. 'स्वभावामुळे कर्करोग होतो' असं सांगणारे त्याचे सहलेखकाबरोबरचे २६ शोधनिबंध लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये चौकशीअंती विश्वास ठेवण्याजोगे नाहीत असं जाहीर केलं. गुन्ह्याचा सिद्धांत त्या यादीत नाही, पण लेखकाची पत त्यातून कळते.

आज काय मोजतात

आजचं बहुतेक संशोधन पाच मोठ्या गुणांवर चालतं: नव्या अनुभवांना खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. त्यांतले दोन गुन्ह्याशी ठामपणे जोडलेले दिसतात, सौजन्य कमी असणं आणि कर्तव्यनिष्ठा कमी असणं. भावनिक अस्थिरतेचा संबंध त्याहून दुबळा, बहिर्मुखता आणि खुलेपणाचा जवळजवळ नाहीच. ड्युनेडिनच्या गटाने वेगळ्या प्रश्नावलीने हेच दुसऱ्या शब्दांत मांडलं: रागाच्या आणि संशयाच्या भावना पटकन चढणं, आणि स्वतःवर लगाम कमी असणं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांतही हाच जोड सापडला. १९९० मध्ये गॉटफ्रेडसन आणि हिर्शी या दोन अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञांनी तर सगळी गुन्हेगारी एकट्या आत्मनियंत्रणावर लटकवली. ते अतिच झालं, तरी इतकं आटोपशीर आणि इतकं तपासलं गेलेलं विधान या क्षेत्रात दुसरं शोधावं लागेल.

'ठामपणे जोडलेले' म्हणजे किती? सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने चढतात-उतरतात याचं माप (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण), साधारण ०.२ ते ०.३ च्या घरात. ०.३ घेऊन हिशेब करू. हजार माणसं घ्या. सौजन्यावरून त्यांचे दोन समान भाग पाडा आणि गैरवर्तनावरूनही दोन. काहीच संबंध नसता तर कमी सौजन्याच्या ५०० पैकी २५० जण जास्त गैरवर्तनाच्या अर्ध्यात पडले असते. ०.३ सहसंबंधाने तिथे साधारण ३०० पडतात. पन्नास जादा. सार्वजनिक धोरणाच्या पातळीवर हा फरक दणदणीत आहे. शेजारच्या मुलाबद्दल मत बनवायला मात्र तो निरुपयोगी आहे.

हे सगळं बहुतांशी चोरी, मारामारी, तोडफोड अशा रस्त्यावरच्या गुन्ह्यांचं चित्र आहे. पांढरपेशा गुन्ह्याला ते लागू पडत नाही. जर्मनीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आर्थिक गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या उच्चपदस्थांची तुलना बाहेरच्या व्यवस्थापकांशी केली. आत्मप्रौढी आणि चैनीची ओढ कैद्यांत जास्त निघाली, हे अपेक्षितच होतं. पण कर्तव्यनिष्ठाही त्यांच्यातच जास्त होती! थोडा विचार केला तर यात नवल नाही. बनावट खाती वर्षानुवर्षं जुळवत राहायची तर शिस्त लागते, चिकाटी लागते, आणि मुळात त्या खुर्चीपर्यंत पोचायलाही तीच लागते. अशा गुन्ह्यांसाठी काही संशोधक प्रामाणिकपणा आणि नम्रता यांचा वेगळा सहावा गुण मोजतात. पाकीटमार आणि बँक बुडवणारा संचालक यांना एकाच स्वभावसूत्रात बसवणारा सिद्धांत कुणी पुढे केला तर शंका घ्यावी.

स्वभाव कृतीत कसा उतरतो

'उतावीळ होता म्हणून त्याने भोसकलं' हे स्पष्टीकरण नाही. उतावीळ माणूस दिवसात शंभर गोष्टी करतो आणि कुणाला भोसकत नाही. गुणविशेषापासून कृत्यापर्यंतच्या वाटा दाखवाव्या लागतात. चार वाटा चांगल्या अभ्यासल्या गेल्या आहेत.

पहिली वेळेची. गुन्ह्याचा फायदा आत्ता मिळतो आणि शिक्षा मिळालीच तर खूप नंतर. उतावीळ माणसाच्या मनात उद्याची किंमत झपाट्याने घसरते. खटला वर्षानुवर्षं चालणार असेल तर त्याच्या हिशेबात ती शिक्षा जवळपास शून्य. म्हणूनच शिक्षेची मुदत पाचाची दहा वर्षं केल्याने अशा लोकांवर फारसा परिणाम होत नाही. पकडले जाण्याची खात्री आणि त्वरा वाढली तर होतो. 'कडक कायदा करा' ही मागणी ज्या स्वभावाला डोळ्यांसमोर ठेवून केली जाते, त्याच स्वभावावर ती सगळ्यात कमी चालते.

दुसरी वाट अर्थ लावण्याची. लोकलच्या गर्दीत कोपर लागलं. बहुतेकांना तो धक्का वाटतो. काहींना मुद्दाम केलेला अपमान. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज याने मुलांना अशा संदिग्ध प्रसंगांच्या गोष्टी आणि चित्रफिती दाखवून पाहिलं, की आक्रमक मुलं त्यात हेतुपुरस्सर दुष्टपणा जास्त वेळा वाचतात. त्यांच्या दृष्टीने ती हल्ला करत नाहीत, प्रत्युत्तर देतात. ज्याच्या घरात किंवा वस्तीत खरोखरच वरचेवर मार बसला आहे, त्याचं हे वाचन पूर्वी अनेकदा बरोबरही ठरलेलं असतं.

तिसरी, दुसऱ्याच्या वेदनेची. बऱ्याच लोकांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहून हात आवरावासा वाटतो. काही मुलांत हे कमी असतं. त्याच्या खुणा चार: चूक केल्यावर अपराधी न वाटणं, दुसऱ्याच्या भावनांबद्दल बेफिकिरी, उथळ भावना, अभ्यासात किंवा कामात आपण मागे पडतो याचं काहीच न वाटणं. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३च्या आवृत्तीत, वर्तनविकाराचं (सतत नियम मोडणं, दुसऱ्याला इजा करणं) निदान झालेल्या मुलात या चारपैकी किमान दोन गोष्टी बारा महिने, एकाहून अधिक ठिकाणी आणि नात्यांत, दिसल्या तर तशी वेगळी नोंद करतात. पालकांसाठी यातली उपयोगी बाब अशी, की या मुलांवर शिक्षेचा उपाय कमी चालतो. कोपऱ्यात बसवणं, मार, धाक यांनी ती हलत नाहीत. बक्षीस, ठरलेली सवलत आणि जिव्हाळा यांना ती बऱ्यापैकी प्रतिसाद देतात. घरोघरी नेमकं उलटं चालतं. मूल निगरगट्ट दिसलं की मार वाढतो, जिव्हाळा आटतो आणि उरलासुरला दुवाही तुटतो.

चौथी वाट सावकाश चालते. स्वभाव माणसाला प्रसंग निवडायला लावतो. थरार हवा असलेला मुलगा रात्रीच्या बाइक शर्यतीत सापडतो, वर्गात टिकत नसलेला दहावीआधीच शाळा सोडतो, नोकरीवर साहेबाशी भांडून तिसऱ्या महिन्यात घरी बसतो. प्रत्येक पावलाला एक दार बंद होतं आणि गुन्ह्याचं त्यातल्या त्यात सोपं दार उघडं राहतं. टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईने १९९३ मध्ये मांडलेल्या भेदाचं मूळ इथे आहे. तिच्या मते दोन वेगळे गट असतात: लहानपणापासून म्हातारपणापर्यंत त्रास देणारा एक छोटा गट, ज्यात स्वभाव आणि बिघडलेलं घर एकमेकांना पोसतात, आणि फक्त किशोरवयात वाकड्यात शिरून पुढे सरळ होणारा एक मोठा गट, ज्याच्या स्वभावात मुळात फारसं वेगळं काही नसतं. सोळाव्या वर्षी दोघांची पोलिसातली नोंद सारखीच दिसू शकते. फरक कळायला त्यांची पाचव्या-सहाव्या वर्षाची माहिती लागते, आणि ती ठाण्यात नसते.

या वाटा कुठेही सारख्याच उघड्या नसतात. पिट्सबर्गच्या अभ्यासात उतावीळपणाचा गुन्ह्यांशी संबंध गरीब वस्त्यांत बराच जास्त दिसला, सुखवस्तू वस्त्यांत कमी. तोच मुलगा चांगल्या वस्तीत असला तर त्याचा उतावीळपणा क्रिकेटच्या मैदानात, क्लासच्या फीमध्ये आणि वडिलांच्या ओळखीत जिरतो. वयाचंही तसंच. गुन्ह्यांचं प्रमाण विशीच्या आसपास शिखर गाठतं आणि मग घसरतं. सौजन्य आणि कर्तव्यनिष्ठा वयाबरोबर सरासरीने वाढत जातात. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार स्वभावातल्या फरकांपैकी ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतात, असं म्हटलं की लोकांना वाटतं झालं, आता काही बदलायचं नाही. पण चाळिशीतला माणूस विशीतल्या स्वतःपेक्षा शांत असतो, जनुकं तीच असूनही.

गोल फिरणारा तर्क

या क्षेत्रातली सगळ्यात जुनी खोड अशी: तो असं का वागला? कारण त्याचं व्यक्तिमत्त्व समाजविघातक आहे. कशावरून? बघा ना, कसा वागला!

ही खोड प्रतिष्ठित साधनांतही शिरते. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराच्या निदानाचे बरेचसे निकष म्हणजे वर्तनाचीच यादी आहे: कायदेभंग, फसवणूक, मारामाऱ्या, बेजबाबदारपणा. बारा पाश्चात्त्य देशांतल्या तुरुंगांच्या ६२ पाहण्या एकत्र केल्यावर जवळपास निम्म्या, ४७ टक्के, पुरुष कैद्यांना हा विकार असल्याचं २००२ मध्ये दिसलं. तुरुंगात कायदेभंग करणारे जास्त सापडले, यापलीकडे त्यातून किती कळलं हा प्रश्नच आहे.

कॅनडाच्या रॉबर्ट हेअर या मानसशास्त्रज्ञाची 'सायकोपॅथी', म्हणजे निष्ठुर, पश्चात्ताप नसलेलं व्यक्तिमत्त्व, मोजणारी यादी याहून काटेकोर आहे. तिचं सुधारित रूप १९९१चं. वीस मुद्दे, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, कमाल चाळीस. उत्तर अमेरिकेत तीस किंवा अधिक गुण पडले तर 'सायकोपॅथ' म्हणतात, युरोपात बऱ्याचदा पंचविसावर रेघ ओढतात. प्रश्नावली देऊन हे होत नाही. प्रशिक्षित तज्ज्ञाची लांबलचक मुलाखत लागते आणि तिच्याइतकीच महत्त्वाची जुनी कागदपत्रं, कारण गोड बोलून फसवणं हाच एक मुद्दा आहे. वीसपैकी आठ मुद्दे स्वभावाचे आहेत: वरवरचं मोहक बोलणं, स्वतःबद्दल फुगवलेली कल्पना, पश्चात्ताप नसणं, निष्ठुरपणा. उरलेल्यांत उतावीळ जीवनशैली आणि 'किशोरवयातले गुन्हे', 'नाना तऱ्हांचे गुन्हे' असे मुद्दे आहेत. पुढच्या हिंसेचा अंदाज यादी बऱ्यापैकी बांधते, पण त्यातला मोठा वाटा या दुसऱ्या भागाचा, म्हणजे ज्याने आधी गुन्हे केले तो पुन्हा करण्याची शक्यता जास्त, हे हवालदारालाही ठाऊक असलेलं ज्ञान. थंड, निष्ठुर स्वभावाच्या मुद्द्यांचं योगदान चित्रपटांनी वाटायला लावलंय त्यापेक्षा कमी आहे.

ही यादी वापरताना एक गोष्ट हमखास बिघडते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शंभराहून अधिक न्यायवैद्यक मानसतज्ज्ञांना त्याच त्या आरोपींच्या फायली दिल्या. निम्म्यांना सांगितलं की तुम्हाला सरकारपक्षाने नेमलंय, निम्म्यांना बचावपक्षाने. सरकारी गटाने सरासरीने जास्त गुण दिले. कुणी लाच घेतली नव्हती. कुणाच्या बाजूने बसलोय एवढी जाणीव पुरली.

आकड्यांचा सापळा

समजा एखाद्या महानगरपालिकेने ठरवलं, की शाळेतल्या सगळ्या मुलांची स्वभावचाचणी घेऊन धोक्याची मुलं आधीच हेरायची. कल्पित आकडे घेऊ आणि चाचणीला झुकतं माप देऊ. १,००० मुलं, त्यांतली ५० पुढे गंभीर गुन्हा करणार. चाचणी अशा ५० पैकी ४० बरोबर पकडते, आणि उरलेल्या ९५० पैकी ८० टक्के मुलांना बरोबर सोडून देते. म्हणजे ९५० पैकी १९० निरपराध मुलं यादीत गेली. यादीत एकूण २३०, त्यांत खरी ४०. दर सहा मुलांमागे पाच जणांवर खोटा शिक्का. खऱ्या चाचण्या इतक्याही अचूक नाहीत. गुन्हा जितका दुर्मीळ, तितकं हे प्रमाण आणखी बिघडतं, म्हणून खुनासारख्या कृत्याचा अंदाज स्वभावावरून बांधणं जवळपास अशक्य आहे.

शिक्का मारण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या सुधारणेनंतर साऱ्या ब्रिटिश भारताला लागू झाला. गुन्हा रक्तात असतो असं धरून पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना नोंदणी, हजेरी आणि तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती लादल्या गेल्या. सोलापुरात त्या भागाला आजही 'सेटलमेंट'च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला, पण पुढे सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशयाची सवय गेली नाही. जमातीच्या माथी मारलेला 'स्वभाव' आणि मोजलेला गुणविशेष या वेगळ्या गोष्टी आहेत खऱ्या. पण गटाच्या सरासरीवरून माणसाला धरायचं, ही चूक दोन्हीकडे तीच.

आपल्या कायद्याने याबाबतीत बरीच समज दाखवली आहे. आरोपी वाईट चालीचा आहे ही बाब फौजदारी खटल्यात अप्रस्तुत ठरते. बचावपक्षानेच आधी चांगल्या चालीचा पुरावा दिला असेल तर गोष्ट वेगळी. हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ५४ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये आहे. तापट किंवा निष्ठुर स्वभाव हा बचावही होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली सुटायचं तर मनोविकारामुळे कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं, असं दाखवावं लागतं.

स्वभावाचा विचार कायदा दोन ठिकाणी आत घेतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बाल न्याय मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, गुन्ह्याची परिस्थिती. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दुसरं ठिकाण फाशीचं. मे २०२२च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालानंतर शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल आणि तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल मागवणं अपेक्षित आहे. इथे प्रश्न 'याने केलं का?' हा नसतोच. 'हा माणूस सुधारू शकतो का?' हा असतो.

मग करायचं काय

आधी काय करू नये ते. बिघडलेल्या मुलांना तुरुंग दाखवायला न्यायचं, कैद्यांकडून दमदाटी करवून घ्यायची, असे कार्यक्रम अमेरिकेत लोकप्रिय झाले. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, गट पाडून केलेल्या चाचण्यांत असं दिसलं, की ज्यांना नेलं त्यांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. थरार आवडणाऱ्या, शिक्षेने न हलणाऱ्या मुलांना धाकाची सहल दिल्यावर दुसरं काय होणार?

जे चालतं त्यात स्वभाव बदलायचा आग्रह नसतो. स्वभाव आणि कृती यांच्यामधले काही सेकंद रुंद करायचे असतात. शिकागोमध्ये गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलग्यांसाठी आठवड्यातून एकदा गट भरतो. पहिल्याच खेळात जोड्या लावतात, एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, तीस सेकंदांत मूठ उघडून चेंडू घे. झोंबाझोंबी होते. वेळ संपल्यावर गटप्रमुख विचारतो, 'नुसता मागून का नाही पाहिलास?' उत्तर ठरलेलं असतं: त्याने दिलाच नसता. मग समोरच्याला विचारलं जातं, आणि बहुतेकदा तो म्हणतो, नीट मागितला असता तर दिला असता. वर उल्लेखलेली दुसरी वाट, हेतू चुकीचा वाचण्याची, इथे हातानेच दाखवली जाते. यादृच्छिक चाचण्यांत कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. मुलांचा स्वभाव बदलल्याची किंवा आत्मनियंत्रणाच्या गुणांत मोठी उडी पडल्याची खूण मात्र फारशी नव्हती. आपोआप उमटणारी पहिली प्रतिक्रिया या प्रसंगाला लागू आहे का, हे थांबून पाहण्याची सवय तेवढी लागली.

प्रौढ कैद्यांसाठी याच धर्तीचे विचार-वर्तन कार्यक्रम आहेत. ५८ अभ्यास एकत्र केल्यावर पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी एक चतुर्थांशाने कमी झालेलं दिसलं. परिणाम कुठे जास्त दिसला? जास्त धोक्याच्या कैद्यांत, आणि जिथे कार्यक्रम ठरल्याप्रमाणे नीट राबवला गेला तिथे. कमी धोक्याच्या माणसाला सराईतांच्या गटात बसवलं तर तो उपायाऐवजी ओळखी घेऊन बाहेर पडतो. आणि शिकागोच्या मुलांतही, कार्यक्रम थांबल्यावर अटकांमधला फरक पुढच्या वर्षी विरत गेला. आठवड्याचा तास बंद झाला, वस्ती तीच राहिली.